पेलेल तेवढाच दाब : खेळण्यातली इंजिनं आणि आपली लोकल



व्याख्यानाचं निमंत्रण द्यायला कार्यकर्ते घरी आले तेव्हा त्यांच्या मनात विषय होता ‘काल आणि कार्यकारणभाव’. आम्ही त्यांना म्हटलं, यंदा आम्ही आगगाडीच्या खेळण्यावर बोलणार. त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने सत्तरी उलटल्यावर खेळण्याकडे वळावं, म्हणजे घरच्यांनी काळजी करावी अशी गोष्ट. पण विषय आमच्याकडे चालत आला, आम्ही त्याच्याकडे गेलो नव्हतो.

झालं असं. आमच्या इमारतीच्या सोसायटी ऑफिसात एक मोठं टेबल आहे. पेणकरपाड्यात सोसायटी ऑफिस म्हणजे किती जागा, हे तुम्हाला सांगायला नको. टेबल ठेवलं की सेक्रेटरी आत आणि सभासद बाहेर. त्या टेबलावर दोन वर्षांपूर्वी मुलांनी रूळ मांडले. थर्माकोलचे डोंगर झाले, आगपेट्यांची घरं झाली, एक पूल झाला. मोठ्या गेजचं एक जुनं इंजिन आणि बारा व्होल्टचा एक कंट्रोलर त्यांना कुठून तरी मिळाला होता. या दिवाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाच्या मावशीने जर्मनीहून एक इंजिन आणलं, सोबत त्याचे रूळ. इंजिन इतकं लहान, की तळहातावर ठेवलं तर बोटांपर्यंत पोचत नाही. सोबतच्या कागदावर लिहिलेलं : जास्तीत जास्त दहा व्होल्ट. मुलगा आमच्याकडे आला आणि म्हणाला, “आजोबा, कंट्रोलर बाराचा आहे. पण आम्ही बटण अर्ध्यावरच ठेवू. मग चालेल ना?”

चालेल की नाही, याचं उत्तर एका शब्दात देता आलं असतं. पण ‘का’ हे सांगायला गेलो आणि शंभर वर्षं मागे जावं लागलं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलाला द्यायचं राहिलेलं सविस्तर उत्तर आहे.

आधी एक कबुली. हा प्रश्न आम्हाला नवा नव्हता. १९९४ साली आमच्या मुलासाठी परदेशातल्या एका आप्तांनी असंच एक इंजिन आणलं होतं, आठ व्होल्टचं. तेव्हा ही खेळणी इथे सहज मिळत नसत; कुणी तिकडून येणार असेल तर सांगून ठेवायचं, आणि त्याच्या सामानात जागा उरली तर नशीब. कंट्रोलर आम्ही चोरबाजारात घेतला होता, जुना, विलायती, लोखंडी डब्याचा, वर गोल फिरणारी मूठ. आम्हीही हेच म्हणालो : मूठ पहिल्या खुणेवर ठेवू, जास्त फिरवायची नाही. पहिल्या खुणेवरच इंजिन असं सुटलं की वळणावर रुळावरून उडालं. उचलून ठेवलं, पुन्हा सुटलं. दहा मिनिटांत वास आला. तो वास ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, ज्यांना माहीत नाही त्यांना सांगता येणार नाही. मुलगा नऊ वर्षांचा होता. रडला नाही. त्याने विचारलं, “बाबा, तुम्ही तर हळूच चालवत होता ना?”

मूठ खरोखरच पहिल्या खुणेवर होती. मग इंजिन जळलं कसं? हे आम्हाला पुढे पुष्कळ वर्षांनी समजलं, आणि समजलं ते इतिहासाच्या वाटेने.

सन १९२५ घ्या. या वर्षी दोन गोष्टी झाल्या. ३ फेब्रुवारीला मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरून कुर्ल्याला हार्बर मार्गाने भारतातली पहिली विजेची गाडी निघाली. वरच्या तारेतला दाब १५०० व्होल्ट, एकदिश, म्हणजे ज्याला आपण डीसी म्हणतो तो. आणि त्याच वर्षी इंग्लंडात लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने, म्हणजे फ्रँक हॉर्नबीच्या कारखान्याने, आपली पहिली विजेवर चालणारी खेळण्यातली गाडी बाजारात आणली. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या इंजिनाची ती प्रतिकृती. ही खेळण्यातली गाडी किती व्होल्टवर चालत असेल? आम्ही हा प्रश्न मुलांना विचारला तेव्हा कुणी चार म्हणालं, कुणी नऊ. उत्तर असं आहे, की ती घरातल्या विजेवर चालत असे. तिथे तेव्हा गावागणिक दाब वेगळा, कुठे शंभर, कुठे अडीचशे. ती वीज सरळ रुळांत. दिवाणखान्यात गालिच्यावर रूळ, गालिच्यावर पोर, आणि रुळांत घरची वीज.

हे करणारे लोक वेडे नव्हते. त्यांनी एक युक्ती केली होती. वाटेत एक दिवा जोडलेला होता, मालिकेत. म्हणजे वीज आधी दिव्यातून जाणार, मग रुळातून, मग इंजिनातून. दिव्याच्या तारेला रोध असतो. बहुतेक दाब दिव्यातच खर्च होतो आणि उरलेला थोडासा इंजिनाच्या वाट्याला येतो. इंजिन सुखरूप राहतं.

इंजिन राहतं. पण पोर?

इथे थोडा हिशेब करू. आजच्या आपल्या घरातला दाब धरा, २३० व्होल्ट, आणि साठ वॅटचा जुना पिवळा दिवा. तो पूर्ण पेटलेला असताना त्याचा रोध सुमारे ८८० ओहम असतो. थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्शाच्याही आसपास नाही, आणखी कमी. आता इंजिन रुळावर नाही, उचलून बाजूला ठेवलं आहे, आणि मुलाने दोन्ही हात दोन रुळांवर टेकले. कोरड्या अंगाचा रोध काही हजार ओहम. पाच हजार धरू. त्यातून जाणारी वीज इतकी थोडी, की दिवा थंडच राहणार, पेटणारही नाही. थंड दिव्याचा रोध शंभर ओहमच्या आत. म्हणजे एकंदर दाबातले सव्वादोनशे व्होल्ट मुलाच्या अंगावर आणि दोन-चार व्होल्ट दिव्यावर. अंगातून जाणारी वीज पंचेचाळीस मिलीअँपियरच्या घरात. एवढी वीज हातातून छातीवाटे गेली तर माणूस दगावू शकतो. ज्या दिव्याने इंजिनाला वाचवलं, तोच दिवा मुलासाठी असून नसल्यासारखा.

आमच्या मते या साऱ्या विषयाची गाठ इथे आहे. दिव्याने घातलेली मर्यादा ही वाटेत घातलेली मर्यादा होती. वाटेतली मर्यादा स्वतःच्या बळावर काही रोखत नाही. पलीकडे कोण आहे त्यावर ती किती रोखणार हे ठरतं. इंजिनासारखं भूक असलेलं काही पलीकडे असेल तर ती बरंच अडवते. थोडकी भूक असलेलं कुणी असेल, मग ते पोर असो की चिमुकलं इंजिन, तर ती जवळजवळ सगळं सोडून देते.

आमच्या दर्शनांत अधिकारभेद नावाची कल्पना आहे. ज्याची जेवढी पात्रता त्याला तेवढं द्यावं. आम्ही हा शब्द वर्षानुवर्षं वर्गात वापरला, बहुतेक वेळा मुलांना झोप लागेल अशा रीतीने. पण द्यायचं किती हे नेमकं कोणी ठरवायचं, देणाऱ्याने, घेणाऱ्याने की मधल्याने, हा प्रश्न आम्हाला त्या जळलेल्या इंजिनाने घातला.

हॉर्नबीच्या कारखान्याने लवकरच वाट बदलली. घरच्या विजेची गाडी मागे पडली आणि चार, मग सहा, मग वीस व्होल्टच्या गाड्या आल्या. आधीची पद्धत विजेला वाटेत अडवण्याची होती. आता वीज मुळातच कमी दाबाची घ्यायची. बॅटरीतून घ्या किंवा ट्रान्सफॉर्मरमधून. ट्रान्सफॉर्मरचा मोठा गुण हा, की घरची वीज आणि रुळातली वीज यांचा तारेने संबंधच राहत नाही. दोन वेगळी वेटोळी, मध्ये लोखंड. पलीकडे काहीही लावा, मुलगा लावा की मुंगी, वीस व्होल्टच्या वेटोळ्यातून दोनशे तीस येत नाहीत. मर्यादा वाटेतून उचलून उगमावर नेली, हा खरा बदल. अमेरिकन आणि जर्मन कारखानेही याच मार्गाने गेले. १९३५ मध्ये जर्मनीत ट्रिक्सने चौदा व्होल्टची आणि मर्क्लिनने वीस व्होल्टची छोट्या गेजची गाडी आणली, दोन्ही उलटसुलट दाबाच्या, म्हणजे एसीच्या. १९३८ ला हॉर्नबीची डब्लो नावाची गाडी आली ती बारा व्होल्ट डीसीची. महायुद्धानंतर हळूहळू बारा व्होल्ट डीसी हा प्रघात पडला. कंट्रोलर म्हटला की बारा. जसं चप्पल म्हटली की कोल्हापुरी, तसं.

प्रघात पडला की त्यात न बसणारे जन्माला येतातच. १९७२ ला मर्क्लिनने मिनी-क्लब नावाने झेड गेज आणलं. रुळांतलं अंतर साडेसहा मिलिमीटर, प्रमाण एकास दोनशे वीस. त्यातली मोटर एवढी बारीक की तिला आठ व्होल्टची मर्यादा. पुढच्या काळात ती दहा झाली. जपान्यांनी तर त्याच्याही पुढे जाऊन तीन मिलिमीटरचं टी गेज केलं, साडेचार व्होल्टचं. ही सगळी कमी दाबाची बाळं. आणि जगात, विशेषतः आपल्याकडे, हातात सापडणारा कंट्रोलर मात्र बाराचा.

आता आमच्या १९९४ च्या गुन्ह्याकडे येतो. चोरबाजारातला तो डबा उघडून पाहिला तेव्हा आत एक ट्रान्सफॉर्मर होता, एसीची डीसी करणाऱ्या पट्ट्या होत्या, आणि मुठीखाली तारेचं एक वेटोळं होतं. मूठ फिरवली की वेटोळ्याचा कमी-जास्त भाग वाटेत यायचा. याला ऱ्हिओस्टॅट म्हणतात. म्हणजे उगमाला ट्रान्सफॉर्मर आणि वाटेत पुन्हा तोच १९२५ चा दिवा, फक्त पेटत नसलेला आणि मुठीने फिरणारा.

हे वेटोळं मोठ्या, जुन्या इंजिनांसाठी बेतलेलं असतं. समजा पहिल्या खुणेवर वीस ओहम वाटेत आहेत. जुनं दणकट इंजिन अर्धा अँपियर खातं. वीस गुणिले अर्धा, दहा व्होल्ट वाटेत गेले. बारातून दहा वजा, दोन उरले. इंजिन कुरकुरत रांगतं. आता तिथेच, त्याच खुणेवर, आमचं झेड गेजचं बाळ ठेवा. ते खातं जेमतेम एक दशांश अँपियर. वीस गुणिले एक दशांश, दोन व्होल्ट. बारातून दोन गेले, दहा उरले. मूठ तीच, खूण तीच; एकाला दोन व्होल्ट आणि दुसऱ्याला दहा. त्यात आणखी एक गोम. असे जुने डबे बारा लिहितात ते पूर्ण भार असताना. भार नसला की मीटर सोळा दाखवतो. आमच्या डब्याने सोळा दाखवले, म्हणजे त्या इंजिनाला पहिल्याच खुणेला चौदाच्या आसपास मिळत होते. आठची मर्यादा आणि चौदा व्होल्ट. त्यातून वळणावर उडालेलं इंजिन आम्ही बोटाने दाबून धरत होतो. मोटर अडली की तिची वीज कैक पटीने वाढते आणि उष्णता त्या विजेच्या वर्गाने. आम्ही हळूच चालवत होतो, हे आमच्या मुठीला माहीत होतं, इंजिनाला माहीत नव्हतं.

म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर : “बटण अर्ध्यावर” याला स्वतःचा काही अर्थ नाही. कोणाच्या अर्ध्यावर, ते सांग.

आता थोडं आपल्या लोकलकडे येऊ. तुम्ही सगळे रोज मीरा रोडहून गाडी पकडता, आणि या प्रश्नाचं मोठं रूप तुमच्या डोक्यावरून जात होतं, अगदी परवा-परवापर्यंत. बी.बी.सी.आय. रेल्वेने कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी ५ जानेवारी १९२८ ला सुरू केली. बोरिवलीपासून विरारपर्यंत तारा आल्या १९३६ ला. म्हणजे आपल्या या पट्ट्यावर त्या वर्षापासून १५०० व्होल्टची तार होती. आता, १५०० व्होल्टच्या जगातली रूढ पद्धत अशी, की एकेक मोटर साधारण निम्म्या दाबाची करायची आणि दोन-दोन मोटरी मालिकेत जोडायच्या. दोघी मिळून दाब वाटून घेतात. गाडी सुटताना तर चारही एका माळेत, वर वाटेत रोधाच्या पट्ट्या. मोटरमन खटके पुढे सरकवत जातो तशा पट्ट्या एकेक करून गळतात, मग माळ तुटून दोन माळा होतात. गाडी सुटताना बसणारे ते लहान लहान हिसके जुन्या लोकलमध्ये उभं राहून गेलेल्यांच्या गुडघ्यांना अजून आठवत असतील.

वाटेतल्या पट्ट्या इथेही आहेत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पण रेल्वेने त्यांच्यावर भरवसा टाकला तो फक्त सुटण्यापुरता. धावताना त्या वाटेत नसतात. राहिल्या तर तापून लाल होतील. धावतानाची मर्यादा मोटरींच्या जोडणीतच बसवलेली.

मुलांनी इथे छान प्रश्न विचारला. मग आपणही दोन छोटी इंजिनं मालिकेत जोडू, सहा-सहा व्होल्ट येतील. कल्पना चांगली. अडचण ही, की एका डब्याखालच्या दोन मोटरी तारेने हव्या तशा जोडता येतात, पण एका रुळावर उभी केलेली दोन इंजिनं आपोआप समांतर होतात. दोघांनाही पूर्ण दाब. मालिका करायची तर इंजिनं फोडून त्यांत तार ओवावी लागेल, आणि मावशीला ते आवडणार नाही.

विरारच्या पुढची कथा वेगळी. भारतीय रेल्वेने १९५७ ला नव्या विद्युतीकरणासाठी २५,००० व्होल्ट एसी स्वीकारली. गुजरातेतून येणारी तार ती. विरारला दोन दाब समोरासमोर उभे : दक्षिणेला पंधराशे डीसी, उत्तरेला पंचवीस हजार एसी. पंधराशेचं इंजिन चुकून पंचवीस हजाराखाली गेलं तर काय होईल, हे आमच्या दहा मिनिटांच्या इंजिनावरून ताडता येईल. मग काय केलं? दोन तारांच्या मध्ये एक तुकडा मेलेला ठेवला, डेड सेक्शन, ज्यात वीजच नाही. गाडी वेगाने त्यातून सरकून जायची. आणि १९७५ पासून डब्ल्यूसीएएम-१ नावाची इंजिनं आली, चित्तरंजनला बांधलेली, जी दोन्हीकडे चालत. एसीखाली ट्रान्सफॉर्मरमधून, डीसीखाली थेट. ताकद मात्र सारखी नाही : एसीवर ३६४० अश्वशक्ती, डीसीवर २९३०. हा तिसरा मार्ग. उगमाला हात लावायचा नाही, वाटेत काही घालायचं नाही. घेणारालाच इतकं शहाणं करायचं की समोर काय वाढलंय ते ओळखून तो आपलं ताट बदलेल. खर्चिक मार्ग, आणि जड. आम्हाला विचाराल तर त्या इंजिनांना मुंबईने पुरेसा मान दिला नाही. कॅलेंडरवर वाफेचं इंजिन छापतात, यांचा फोटो कुणी लावल्याचं आम्ही पाहिलं नाही.

पुढे २०१२ च्या फेब्रुवारीत चर्चगेटपर्यंत पंचवीस हजार आले आणि आपल्या मार्गावरचा तो सांधा संपला. मध्य रेल्वेवर हार्बर मार्ग शेवटी राहिला. तिथली डीसी एप्रिल २०१६ ला बंद झाली. जिथे १९२५ ला सुरुवात झाली त्याच मार्गावर ती सगळ्यात शेवटी विझली. या बदलाला इतकी वर्षं लागली त्याचं एक कारण आपल्या टेबलावरचंच आहे : तार एका रात्रीत बदलता येते, पण तिच्याखाली धावणारा प्रत्येक रेक तिला पेलणारा आहे याची खात्री एका रात्रीत होत नाही. आधी दोन्ही दाबांवर चालणारे रेक आणावे लागले.

असो. टेबलाकडे परत येऊ, कारण तिथे ते इंजिन अजून डब्यातच होतं आणि मुलं रोज दारावर येत होती.

पहिलं काम मीटर. लॅमिंग्टन रोडला साधा मल्टिमीटर मिळतो. कंट्रोलरवर काय लिहिलंय ते वाचू नका, रुळांवर काय येतंय ते मोजा, बटण पूर्ण फिरवून आणि रुळावर काही नसताना. मुलांच्या कंट्रोलरने पंधरा दाखवले. मुलं गप्प झाली. अर्ध्यावर ठेवण्याची बोली तिथे संपली.

मग एक शहाणा मुलगा म्हणाला, रोध लावू. त्याला आम्ही १९२५ ची गोष्ट सांगितली. रोध नको म्हटल्यावर डायोड आले. सिलिकॉनच्या डायोडचा स्वभाव रोधापेक्षा निराळा. त्यातून वीज थोडी जावो की जरा जास्त, तो आपले सुमारे शून्य दशांश सात व्होल्ट कापून घेतो, जकातनाक्यासारखे. इंजिनाला पुढे-मागे दोन्हीकडे जायचं असतं म्हणून डायोड उलटसुलट जोडीने लावावे लागतात. त्याची एक सोपी युक्ती आहे : चार डायोडचा तयार ब्रिज घ्यायचा, त्याचे अधिक आणि उणे पाय एकमेकांना जोडायचे आणि रुळाची एक तार त्याच्या उरलेल्या दोन पायांतून न्यायची. दर ब्रिजमागे एक पूर्णांक चार व्होल्ट गेले, दिशा कोणतीही असो. तीन ब्रिज म्हणजे चार पूर्णांक दोन. काही रुपयांचं काम. ज्यांचा कंट्रोलर सीलबंद आहे आणि सरळ घरच्या प्लगात जातो त्यांनी हेच करावं. आत उघडून काही करू नये. त्या डब्यात दोनशे तीस आहेत.

पण वजाबाकीला एक मर्यादा आहे. ती ज्यातून वजा करते तो आकडा फसवा असेल तर बाकीही फसवी. पंधरातून चार पूर्णांक दोन गेले तरी दहा पूर्णांक आठ उरतात; इंजिन दहाचं. चौथा ब्रिज लावला की नऊ पूर्णांक चार. तिथे थांबता येईल. पण आमचं मन घेईना, एकदा पोळलेला माणूस.

मुलांचा कंट्रोलर सुदैवाने वेगळा होता. त्याला वीज बाहेरच्या अॅडॉप्टरमधून यायची. आम्ही दुरुस्तीवाल्याला विचारून खात्री केली की आतला साधा ट्रान्झिस्टरचा मंडल नऊ व्होल्टवरही चालेल. सगळे कंट्रोलर चालत नाहीत. मग नऊ व्होल्टचा, पक्क्या दाबाचा, ट्रान्सफॉर्मरने वेगळा केलेला, आयएसआयचा शिक्का असलेला अॅडॉप्टर आणला. अधिक-उणे जुळतंय ना, ते दोनदा पाहिलं. कंट्रोलर स्वतः थोडं खातो, म्हणून रुळांवर पूर्ण बटणाला सात पूर्णांक आठ आले. त्यापुढे मीटरचा काटा जात नाही, कितीही पिळा. मुलांनी पिळून पाहिलं.

दोन सावधगिऱ्या राहिल्या, घाईत सांगतो. आजचे काही कंट्रोलर दाब कमी न करता तुकड्या-तुकड्यांनी पूर्ण बारा व्होल्टचे झटके देतात, त्याला पीडब्ल्यूएम म्हणतात. मीटर सरासरी सहा दाखवतो आणि मोटरला प्रत्येक झटक्यात बाराच बसतात. बारीक मोटरी त्याने तापतात. त्यांनाही कमी दाबाचा उगमच द्यावा. दुसरं, डीसीसी नावाची नवी पद्धत, ज्यात रुळांत कायम पूर्ण दाब असतो आणि इंजिनातली चिप ठरवते किती घ्यायचं. आपल्या डब्ल्यूसीएएमचीच नात. चिप नसलेलं लहान इंजिन त्या रुळावर चुकूनही ठेवू नये. चालत नाही, नुसतं गुणगुणतं आणि गुणगुणतच जळतं.

आणि स्वस्तातला, ट्रान्सफॉर्मर नसलेला, घरच्या विजेतून कपॅसिटरने दाब उतरवलेला पुरवठा कुणी आणून दिला तर तो घेऊ नका. तो १९२५ चाच दिवा आहे, नव्या वेष्टनात. इंजिन चालेल. रुळाला हात लावणारं पोर आहे, हे त्याला ठाऊक नाही.

मुलांना घेऊन आम्ही मार्चमध्ये पुण्याला गेलो होतो, कोथरूडला, भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहायला. १ एप्रिल १९९८ ला ते लोकांसाठी उघडलं. अख्खं शहर आहे, सिग्नल आहेत, गाड्या एकमेकींची वाट पाहतात. मुलं गाड्या पाहत होती. आम्ही मात्र टेबलाखाली वाकून तारा कुठून येतात ते शोधत होतो, तेव्हा आमच्या नातीने आमचा शर्ट मागून ओढला.

इंजिन पहिल्यांदा चाललं तो रविवार होता. टेबलाभोवती अठरा मुलं, सेक्रेटरी आणि त्यांचे हिशेबाचे कागद गॅलरीत. ज्याचं इंजिन त्याने बटण हळूहळू फिरवलं, इंजिन पुलावरून गेलं, आगपेट्यांच्या घरांमागून वळलं. मग त्याने आमच्याकडे पाहिलं आणि बटण एकदम शेवटापर्यंत नेलं. आमचा हात नकळत पुढे झाला होता. इंजिन जरा जोरात पळालं, एवढंच. वळणावर उडालं नाही. दहा मिनिटांनी आम्ही त्यावर बोट ठेवलं, कोमट होतं.

१९९४ चं जळलेलं इंजिन आम्ही फेकलं नव्हतं. आमचा मुलगा आता बंगळुरूला असतो. त्याला फोन करून विचारलं, देऊ का मुलांना? तो म्हणाला, द्या, पण रुळावर नका ठेवू. ते आता त्या टेबलावर पुलापलीकडच्या सायडिंगला उभं आहे, तार न जोडलेल्या रुळाच्या तुकड्यावर. मुलं त्या तुकड्याला विरार म्हणतात.

रविवारी पाचनंतर सोसायटी ऑफिस उघडं असतं. आता प्रश्न घेऊ.